संमतीपत्रावरची सही

गेल्या हिवाळ्यात आमच्या टेंभी नाक्यावरच्या घरात एक कागद बारा दिवस फ्रिजवर पडून होता. धाकट्या लेकीच्या महाविद्यालयातून आला होता. भूगोल विभागाची अभ्याससहल, सहा दिवस, निलगिरीचा डोंगराळ भाग, उटी आणि कुन्नूर. खर्च अकरा हजार पाचशे. खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ. ती रेघ बारा दिवस कोरीच राहिली.

लेक रोज सकाळी कॉलेजला निघताना त्या कागदाकडे एकदा बघायची आणि काही न बोलता चप्पल घालायची. आम्ही उभयतां मात्र रात्री जेवणं आटोपली की त्यावर बोलायचो. आधी पैशांची गोष्ट निघे. ती मिटली की सुरक्षिततेची. मग खाण्यापिण्याची, नमाजची, आणि सरतेशेवटी नातेवाईक काय म्हणतील याची. वाचक बंधू-भगिनींनो, ही यादी तुमच्याही घरात कधी ना कधी झाली असेल, म्हणूनच आज हा विषय घेतला.

भीती अगदीच पोकळ नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी सहलीला गेले असताना बुडाले. त्यात आपल्याच समाजातल्या घरांची मुलं-मुली होती. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. ज्या घरातून मूल हसत निघालं आणि परत आलं नाही, त्या घराला “सहली चांगल्या असतात” असं सांगण्याची कुणाची छाती होईल? म्हणून आम्ही कागद फ्रिजवर ठेवला आणि म्हणालो, बघू.

हे “बघू” किती दिवस चाललं असतं कोण जाणे. तेराव्या दिवशी दादी बोलल्या. त्या ऐंशीच्या घरात आहेत. खुर्चीत बसून तस्बीह ओढत असतात आणि घरातलं सगळं ऐकत असतात. त्या म्हणाल्या, “थोरला गोव्याला गेला तेव्हा कुणाची सही घेतली होती?”

कुणाचीच नाही. दोन वर्षांपूर्वी आमचा थोरला मित्रांबरोबर गोव्याला गेला. बरोबर शिक्षक नाही, राहण्याचा पत्ता नाही, समुद्र तर अंगणातच. त्याने दारातून सांगितलं, “अम्मी, मंगळवारी येतो,” आणि आम्ही “पोहोचलास की फोन कर” एवढंच म्हणालो. मुरुडची आठवण तेव्हा आम्हाला झाली नव्हती. लेकीच्या वेळी झाली. आमची भीती खरी होती, पण ती एकाच मुलासाठी जागी होत होती. हे ध्यानात आल्यावर आम्हाला शरम वाटली, हे कबूल करतो.

दादी पुढे म्हणाल्या, “मला माथेरानची गाडी तेवढी माहीत. तीही लग्नानंतर. शाळेची सहल कार्ल्याला गेली होती, तेव्हा अब्बांनी नाही म्हटलं. लेणी कशी असतात ते मला अजून ठाऊक नाही.” एवढं बोलून त्या पुन्हा तस्बीहकडे वळल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पण साठ-पासष्ट वर्षं एक “नाही” माणसाच्या मनात राहतं, हे आम्ही त्या रात्री पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सही केली नाही. आम्ही कॉलेजात गेलो. भीतीला उत्तर हवं असेल तर प्रश्न योग्य माणसाला विचारले पाहिजेत, ते बारा दिवस एकमेकांना विचारून काय उपयोग?

आम्ही काय विचारलं ते इथे देतो, म्हणजे कुणाला उपयोग होईल. किती विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक आहेत, त्यात बाई किती? मुलींच्या मजल्यावर रात्री कोणत्या बाई राहणार? राहण्याच्या जागेचा पत्ता आणि तिथला फोन नंबर कागदावर मिळेल का? तलाव, धबधबा, नौकाविहार कार्यक्रमात आहे का, असल्यास अंगात जॅकेट घालायला लावणार का? घाटातून बस रात्री चालवणार की दिवसा? विमा काढला आहे का? एखादी मुलगी आजारी पडली तर तिच्यापाशी कोण थांबणार?

घाटाचा प्रश्न मुद्दाम विचारला. उटीहून मसिनगुडीकडे उतरणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ तीव्र वळणं आहेत आणि अनोळखी चालकांचे तिथे अपघात होतात. म्हैसूरकडून येणाऱ्यांना बंदीपूरचं जंगल लागतं, तिथला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद असतो. बाहेरच्या पर्यटक वाहनांना निलगिरीत शिरायला मे २०२४ पासून ई-पासही लागतो. शिक्षकांना यातलं सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, आम्ही घाट बसने चढणारच नाही, कोईम्बतूरपर्यंत मोठ्या गाडीने आणि तिथून मेट्टुपालयमला जाऊन डोंगरातल्या गाडीने वर जाणार. ज्या माणसाला प्रश्नाचा राग येत नाही, त्याच्या हाती मूल सोपवायला धीर येतो. आम्ही तिथेच, त्यांच्या टेबलावर सही केली.

राहिला धर्माचा प्रश्न. महरमशिवाय मुलीने लांबचा प्रवास करावा का, यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. आम्ही फतवा देणारे कोणी नाही. ज्या घराला ही शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं आणि त्यांच्या सल्ल्याने चालावं. आम्हीही विचारलं. मोठा गट, बरोबर जबाबदार स्त्री शिक्षिका, शिक्षणाचा हेतू, हे सगळं त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांचं उत्तर ऐकून आमचं मन शांत झालं. सांगायचं इतकंच की “लोक काय म्हणतील” याला दीनचं नाव देऊ नये. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण बऱ्याचदा दुसऱ्याला पहिल्याची चादर पांघरतो.

मुलींच्या शिक्षणाचं म्हणाल तर इब्न बतूता चौदाव्या शतकात पश्चिम किनाऱ्याने जाताना होनावरला थांबला होता. हे गाव आज कर्नाटकात, कारवारच्या दक्षिणेला आहे. तिथे त्याला मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा दिसल्या आणि कुरआन तोंडपाठ असलेल्या स्त्रिया भेटल्या, असं त्याने प्रवासवर्णनात नोंदवून ठेवलं आहे. तिथले मुसलमान आपल्या कोकणातल्यासारखेच शाफई होते. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. तेव्हा मुलींचं शिकणं हा काही आजच्या काळाने आणलेला नवा प्रकार नाही.

मग तयारी सुरू झाली. ठाण्याच्या माणसाकडे स्वेटर असतो कुठे! जानेवारीत उटीत पहाटे दहिवर गोठतं, पारा शून्याच्या जवळ जातो. जांभळी नाक्यावर लोकरी टोपी आणि मोजे घेतले, स्वेटर मामूंच्या घरून आला. दादींनी खजूर आणि सुक्या मेव्याची पुडी बांधली. निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला बंदी आहे, पाण्याच्या लहान बाटल्याही चालत नाहीत. म्हणून स्टीलची बाटली दिली. खाण्याचं सोपं ठरलं. जिथे हलालची खात्री नाही तिथे इडली, डोसा, सांबार-भात. दक्षिणेत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

रात्रीच्या गाडीने सगळे निघाले. दोन रात्री आणि मधला एक दिवस प्रवास. सहा दिवस घर सुनं होतं. फोन रोज यायचा, पण पाच मिनिटांचा. खरी हकीकत ती परत आल्यावर कळली, दादींच्या पायाशी बसून तिने सांगितली तेव्हा.

मेट्टुपालयमहून सकाळी सातच्या सुमारास निघालेली गाडी ४६ किलोमीटर जायला जवळजवळ पाच तास घेते. समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवरून ती २,२०० मीटरवर नेते. वाटेत २०८ वळणं, १६ बोगदे आणि लहानमोठे २५० पूल. कल्लार ते कुन्नूर हा चढ इतका उभा आहे की बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. साधी चाकं तिथे घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि इंजिनाच्या पोटाखालचं दातेरी चाक त्यांत अडकत अडकत चढतं. इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलतं. १८९९ साली ही गाडी कुन्नूरपर्यंत आली, १९०८ मध्ये उटीला पोहोचली आणि २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं.

दादींनी विचारलं, “आणि आपली माथेरानची?”

लेकीने त्याचाही अभ्यास केला होता. नेरळ-माथेरानच्या गाडीला दातेरी पट्टी नाही, ती वळसे घेत घेत डोंगर चढते. आणि ती बांधली मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ते काम अंगावर घेतलं, १९०४ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. दादी त्या गाडीत बसल्या होत्या, पण ती आपल्याच एका माणसाने बांधली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. जिथे देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली आली त्या ठाण्यात आम्ही राहतो, आणि आपल्या दारची गोष्ट लेकीने निलगिरीला जाऊन आणली.

तिने आणखी बरंच आणलं. २,६३७ मीटर उंचीच्या दोड्डाबेट्टा शिखरावरचं धुकं. तोडा लोकांच्या पांढऱ्या शालींवरचं लाल-काळं भरतकाम. कुरिंजीची झुडपं, जी बारा वर्षांतून एकदा फुलतात. २०१८ मध्ये फुलली होती, आता २०३० मध्ये फुलतील. आपल्या येऊरच्या डोंगरावर साधारण आठ वर्षांनी फुलणारी कारवी ही त्यांचीच बहीण. आणि चहाचे मळे. तिच्या प्रकल्पाचा विषयच तो होता, पानं खुडणाऱ्या बाया. त्यांतल्या कितीतरी जणी श्रीलंकेतून परत आलेल्या तमिळ घरांतल्या. त्यांचे आजे-पणजे इंग्रजांच्या काळात तिकडे मजुरीला गेले होते आणि १९६४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर ही कुटुंबं इकडे पाठवली गेली. “आपण सकाळी चहा पितो ना अम्मी,” ती म्हणाली, “ती पानं खुडणाऱ्या बाईची पाठ कधी सरळच होत नाही.”

नमाजचीही काळजी नको होती. गटात आपल्या चार मुली होत्या. प्रवासाच्या सवलतीप्रमाणे त्यांनी जुहर-असर आणि मगरिब-इशा जोडून, कसर करून अदा केल्या. शिक्षिकाबाईंनी त्यांच्यासाठी बस दहा मिनिटं थांबवली. बाकीची मुलं तेवढ्यात चहा प्यायली.

सगळं सांगून झाल्यावर आम्ही सहज विचारलं, “तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीला थंडी बाधली नाही ना?”

“ती आलीच नाही.”

“का? घरच्यांनी सही दिली नाही?”

“सही पहिल्याच दिवशी दिली होती, अब्बा. पैसे नव्हते.”

तिचे वडील राबोडीला रिक्षा चालवतात. गाडी भाड्याची आहे. आमच्या घरी ती कित्येकदा जेवली आहे. ज्या बारा दिवसांत आम्ही आमच्या भीतीचा हिशेब करत होतो, त्या दिवसांत तिच्या घरी सही केलेला कागद पैशांची वाट बघत होता. आम्ही कॉलेजात इतके प्रश्न विचारून आलो, पण “वर्गातलं कुणी पैशांमुळे मागे राहतंय का” हा एक प्रश्न विचारला नाही. तो सुचलाच नाही.

आपल्या घराघरांत जकात निघते, सदका निघतो. फी, वह्या-पुस्तकं, औषधं यांवर आपण देतो आणि ते दिलंच पाहिजे. सहल मात्र आपल्याला चैन वाटते. दादींच्या कार्ल्याच्या लेण्यांनी आम्हाला शिकवलं की ती चैन नव्हे. तेव्हा आमच्या घरापुरतं ठरवलं आहे. पुढच्या वर्षी सहलीचा कागद आला की एक सही आणि दोघींचे पैसे. दुसऱ्या मुलीचे पैसे कॉलेजच्या बाईंच्या हाती जातील, आमचं नाव न घेता. तिच्या अब्बांना मान खाली घालावी लागेल असं काही करायचं नाही. इन्शाअल्लाह, दोघी खिडकीजवळ बसून जातील.

आणि या रविवारी लेक दादींना घेऊन कार्ल्याला जाणार आहे. पायऱ्या चढवतील का, हीच काय ती काळजी. थोरल्याला सांगितलं आहे, डोली मिळाली नाही तर दादींना पाठीवर घ्यायचं.