कुठली पिशवी उतरली, ते विचारा

गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न झालं. मे महिना, दुपारी बाराचा मुहूर्त, वर पत्र्याचं कार्यालय. पंगतीत माझ्या शेजारी थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. वाढणारा मुलगा तीनदा पाणी विचारून गेला, तिन्ही वेळा त्यांनी ग्लासावर हात ठेवला. "वहिनी, दोन घोट तरी घ्या की," मी म्हटलं. त्या हळूच म्हणाल्या, "नको गं. इथलं 'ते' पार मागच्या अंगाला आहे. सारखं कोण उठणार?"

मी गप्प बसले. कारण माझ्याही ग्लासातलं पाणी तसंच होतं.

रात्री पाहुणे झोपल्यावर आम्ही दोघी गच्चीवर गेलो आणि तिथे एकदाचं सगळं बाहेर आलं. पंचवीस वर्षं एका घरात नांदलो, एकमेकींची बाळंतपणं काढली. पण दोघींचंही अंग उतरलंय, दोघीही तासातासाला धावतोय, हे एकमेकींना माहीत नव्हतं. वहिनींना तर वर्षातून तीन-चारदा 'उन्हाळी लागायची'. धण्याचं पाणी नाहीतर मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या, की झालं.

मी याबाबतीत त्यांच्यापेक्षा वर्षभर पुढे होते, एवढंच. माझी तक्रार घेऊन मी आधी एका डॉक्टरांकडे गेले होते. तपासणी पाच मिनिटं. "पिशवी उतरलीय. काढून टाकू. या वयात तिचा उपयोग तरी काय?" मी विचारलं, "मग लघवीचा त्रास जाईल?" "सगळं जाईल." तारीखही देऊन टाकली. घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली. माझंच मन घेईना, म्हणून जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी झोपवून तपासलं, खोकायला लावलं, जोर करायला लावला. मग म्हणाल्या, "तुमचं गर्भाशय जवळपास जागेवर आहे हो. पुढची भिंत सैल पडून लघवीची पिशवी खाली आलीय."

इथे आपल्या भाषेनेच घोटाळा केलाय असं मला वाटतं. आपण बायका 'पिशवी' म्हणतो ते गर्भाशयाला. पण त्याच्या पुढ्यात लघवीची पिशवी असते, मागे शौचाची जागा. या सगळ्यांना खालून स्नायूंची झोळी तोलून धरते. बाळंतपणं, जुनाट खोकला, मलावरोध, हंडे-सिलिंडर उचलणं आणि पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, यांनी ती झोळी ढिली पडते. मग यातलं काहीही खाली येऊ शकतं, कधी दोन्ही-तिन्ही. नुसतं गर्भाशय काढलं म्हणून लघवीची पिशवी वर जात नाही. तिच्यासाठी भिंतच दुरुस्त करावी लागते. शिवाय दबलेली वाट ऑपरेशनने मोकळी झाल्यावर काहीजणींना खोकताना-शिंकताना नव्याने गळायला लागतं. हे आधी सांगायला नको?

ऑपरेशनच्या मी विरोधात नाही. अंग पूर्ण बाहेर आलं, घासून जखमा झाल्या, तर ते करावंच लागतं. गर्भाशय न काढता वर बांधून घेण्याच्या पद्धती तर मुंबईच्याच डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी बसवल्या. तरीही 'काढून टाका' हे आपल्याकडे किती सहज म्हटलं जातं! 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न इतका गाजला, की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

आता पाण्याबद्दल. आपण पाणी तोडतो आणि वाटतं, उपाय केला. प्रत्यक्षात लघवी घट्ट, पिवळीजर्द होते आणि पिशवीला आतून झोंबते. म्हणून आणखी घाई होते. शौचाला खडा होतो, जोर करावा लागतो, अंग आणखी खाली येतं. पिशवी खाली लोंबल्यामुळे तळाशी लघवी साचून राहते ती वेगळीच, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. वहिनींची उन्हाळी तिथली. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, थोडं थोडं करून, प्यायलाच हवं. झोपायच्या आधी दोन तास कमी केलं तर चालतं. कमी करायचा तो चहा. मला हे सगळ्यात जड गेलं, खोटं कशाला बोलू! सहा कपांवरून दोनवर आले तेव्हा रात्रीचं उठणं चारवरून दोनवर आलं.

बाईंनी दुसरी युक्ती सांगितली ती लघवी पूर्ण बाहेर काढायची. एकदा झाली की उठायचं, कंबर जराशी हलवायची, पुन्हा बसून पुढे वाकायचं. आणखी थोडी होतेच. फुगवटा आड येत असेल तर स्वच्छ बोटाने हळूच मागे सारायचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाहेर गेल्यावर घाण नको म्हणून अर्धवट उभं राहून उरकतो ना आपण, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. आणि 'निघण्याआधी जाऊन येऊ' असं दर अर्ध्या तासाला केलं की पिशवीलाही थोडक्यातच हाक मारायची सवय लागते. पाच-दहा मिनिटं थांबायला शिकवत ती हळूहळू मोडावी लागते.

आणि व्यायाम. लघवी व वारा एकदमच रोखतोय असं आतून वर ओढायचं, जमेल तितके सेकंद धरायचं, सोडायचं. पोट-मांड्या ढिल्या, श्वास चालू. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र नाही. मी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता करते. तीन-चार महिने काही कळत नाही, तिथेच निम्म्या जणी सोडतात. अंग थोडंच उतरलं असेल तर याने खरंच फरक पडतो; पूर्ण बाहेर आलेलं मात्र याने वर जात नाही.

जळजळ सारखी होत असेल तर गोळ्या घेण्याआधी लघवी तपासून घ्या, साखरही. लघवीतून रक्त, थंडी-ताप, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, किंवा लघवी अडकणं, यात एक दिवसही काढू नका.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायकांना तपासलं, ते 1989 साली प्रसिद्ध झालं. शंभरातल्या ब्याण्णव जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. आपल्या घरात मोजलं तर आज काय निघेल? आमच्या घरात दोघी होतो आणि दोघींनाही मोजायला लग्नाची रात्र यावी लागली. मुंबईत 2011 पासून बायकांनी मुतारीच्या हक्कासाठी चळवळ केली. आमच्या तालुक्याच्या स्टँडवरचं दार मात्र अजून आतून लागत नाही.

वहिनींचं गर्भाशयच खाली आलंय. सध्या त्यांना सिलिकॉनची रिंग बसवलीय, ती ठरावीक महिन्यांनी काढून धुवून घ्यायची असते. पाळी गेलेली म्हणून आत लावायचं मलमही दिलंय. पुढच्या गुरुवारी दाखवायला जायचंय. मीच बरोबर जाणार आहे. स्टँडवर उतरल्यावर समोरच्या खानावळीत आधी विचारायचं आणि मगच बाटली उघडायची, असं ठरलंय आमचं.