हुकूम कोणाचा?

श्रीलंकेत नेगोंबोहून गॉलकडे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या प्रवाशाला समुद्राच्या जोडीने आणखी एक गोष्ट सतत दिसत राहते. तेलाच्या डब्याचा पत्रा, मोडक्या दाराची फळी, कधी नुसती कुंपणाची भिंत, आणि त्यावर उरल्यासुरल्या रंगाने ओढलेले फराटे: ‘कुणु दान्न एपा’. कचरा टाकू नका! रंग ओघळलेला, शेवटच्या अक्षराला जागा न पुरलेली. पर्यटक फोटो काढतो आणि म्हणतो, वा, काय ही जनजागृती!

कसली डोंबलाची जनजागृती? हे आरोपपत्र आहे! ज्या घरधन्याला स्वतःच्या दारापुढे अशी फळी रंगवून ठोकावी लागते, त्याच्या गल्लीत सरकार फिरकत नाही, एवढाच तिचा अर्थ. आमच्या पाट्यांखाली निदान ‘हुकमावरून’ तरी असते. हुकूम कोणाचा, हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसते, ते सोडा. लंकेतल्या फळीला तेवढीही ऐट नाही. ती हात जोडते.

जोडते कोणापुढे? 14 एप्रिल 2017 रोजी, ऐन सिंहली-तमिळ नववर्षाच्या सणात, कोलंबोच्या वेशीवरचा मीतोटमुल्ल्याचा कचऱ्याचा डोंगर घरांवर कोसळला. 32 माणसे गेली. तो डोंगर काय पोरांनी फेकलेल्या बिस्किटांच्या पुड्यांचा होता? राजधानीची घाण गाड्या भरभरून, राजरोस, गरिबांच्या छपरांना टेकवून रचली गेली. त्या वस्तीने आधी मोर्चे काढले होते, आरडाओरडा केला होता. त्यांचे ‘एपा’, म्हणजे ‘नको’, कोणी ऐकले? माणसे गाडली गेल्यावर सप्टेंबरात जेवण गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकवर बंदी आली. केवढी ही तत्परता!

आणि फळीचे तोंड असते रस्त्याकडे. मे 2021 मध्ये घाण पाठीमागून आली. ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे मालवाहू जहाज कोलंबोसमोर पेटले आणि सुमारे 1,680 टन प्लास्टिकचे दाणे समुद्रात सांडले. वाळूत साबुदाणा पसरावा तसा तो थर! कोळ्यांची होडी बंद, जाळे बंद, चूल बंद. सर्वोच्च न्यायालयाने जहाजवाल्यांना 100 कोटी डॉलर भरायला फर्मावले, त्याला जुलै 2025 उजाडावा लागला.

खरा हुकूम सुटायला चार वर्षे लागली. मधल्या काळात सरक्कुव्याच्या किनाऱ्यावर वाळू चाळणीतून चाळून एकेक दाणा वेगळा काढत होत्या, त्या गावच्याच बायका.