टेनिस आणि चरितार्थ

दसऱ्यानंतर धावीरमहाराजांच्या पालखीच्या निमित्ताने आम्ही रोह्यास गेलो होतो. पालखीस पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते ती पाहावी, कुंडलिकेच्या काठाने चार पावले हिंडावे आणि एका जुन्या स्नेह्यांच्या घरी दोन दिवस स्वस्थ पडावे, याहून अधिक बेत नव्हता. परंतु ज्या घरी आम्ही उतरलो तेथे स्वस्थता म्हणून नव्हती. मागील दारी भिंतीवर चेंडू आपटल्याचा टप् टप् असा आवाज सकाळी सहापासून सुरू होई, आणि पडवीत झोपाळ्यावर बसलेल्या आबांच्या कपाळावरील आठी त्या प्रत्येक आवाजासरशी थोडी अधिक खोल होई.

घर मोठे, एकत्र. आबा वडील, त्यांचे धाकटे बंधू पेणला असतात व तेथे त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. दोन्ही घरांचा जमाखर्च अद्याप एका वहीत लिहिला जातो. ही गोष्ट आजच्या काळी आम्हांस नवलाची वाटली, आणि पुढे सांगावयाच्या हकिकतीचे मूळही तिच्यातच आहे. आबांची नात तेरा वर्षांची. गेली काही वर्षे सुट्टीत मामाकडे पुण्यास राहून ती टेनिस शिकते. तिच्या शिक्षकांनी आता निरोप धाडला होता की, मुलीच्या हातात खेळ आहे. तिला कायमची पुण्यास आणावी, नेहमीची शाळा सोडवून परीक्षेस बाहेरून बसवावे, आणि तीन वर्षांनी परदेशी पाठविण्याची तयारी ठेवावी. पैशाची वाट एकच दिसत होती : नदीपलीकडची आंब्याची वाडी विकणे.

“तुम्ही मासिकांत लिहिता, तेव्हा तुम्हीच सांगा,” आबा आम्हांस म्हणाले, “टेनिस हा चरितार्थ होऊ शकतो काय?”

प्रश्न सरळ होता आणि आमच्यापाशी त्याचे सरळ उत्तर नव्हते. तथापि त्या दोन दिवसांत त्या पडवीत जे बोलणे झाले ते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या व्हावयाचे आहे, म्हणून येथे नमूद करीत आहोत.

आबांचा पहिला आक्षेप अपेक्षितच होता. रोहे हे चिंतामणराव देशमुखांच्या घराण्याचे गाव. १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला पुरुष ज्या गावाचा, त्या गावच्या मुलीने शाळा सोडून चेंडूफळी करावी, हे त्यांस पटत नव्हते. यावर आम्ही त्यांस क्षमाबाई राव यांची आठवण दिली. शंकर पांडुरंग पंडित या विख्यात वेदपंडितांची ही कन्या. ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य लिहिणारी ‘पंडिता’. आणि स्वतः टेनिसच्या मैदानावर नाव मिळविलेली स्त्री. त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विंबल्डनला खेळली आणि तेथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे तिनेही संस्कृतात नाटके लिहिली. अर्थात एका घरात अनुष्टुभ् आणि रॅकेट ही दोन्ही सुखाने नांदली. आबा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “ते खरे, पण त्यांच्या घरात खेळावर चूल पेटत नव्हती.”

हा टोला बिनतोड होता हे मान्य केले पाहिजे. लीलाबाईंच्या काळी विंबल्डनला पैसे घेऊन खेळणाऱ्यांस प्रवेशच नसे. तो १९६८ साली खुला झाला. तेव्हा जो खेळ सुस्थितीतील माणसाच्या फुरसतीचा होता तो आता धंदा झाला आहे, आणि धंदा म्हटला की त्याचा ताळेबंद पाहिल्यावाचून सुटका नाही.

तो ताळेबंद असा. व्यावसायिक टेनिस ही एक उंच शिडी आहे. स्त्रियांच्या शिडीची खालची पायरी म्हणजे ‘डब्ल्यू-१५’ या नावाच्या स्पर्धा. एका स्पर्धेत सर्व खेळाडूंना मिळून वाटावयाचे बक्षीस १५,००० डॉलर. विजेतीच्या वाट्यास त्यातले २,००० डॉलरांहून थोडे अधिक येतात. पहिल्याच फेरीत हरणारीस १५० डॉलरांच्या आसपास. यातून विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे, जेवण, रॅकेटच्या तारा आणि जमलेच तर सोबत्याचा खर्च निघावयाचा. तो निघत नाही हे सांगावयास गणिती नको. उलट शिडीच्या माथ्यावर पाहावे, तर २०२५ साली विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्यासही ६६,००० पौंड मिळाले. मधल्या पायऱ्या आहेत. परंतु ज्या उंचीवर खेळाडूचा खर्च सुटून हाती काही उरू लागते ती जागा सामान्यतः जगातील पहिल्या शंभर-दीडशे जणींची आहे. आणि आपल्याकडे हिशेब काय आहे? सानिया मिर्झा २००७ साली एकेरीत २७व्या क्रमांकावर गेली; तिच्यापूर्वी पहिल्या शंभरांत भारतीय स्त्री एकही नव्हती. पुण्यात राहून तयार झालेली अंकिता रैना २०२० साली १६०पर्यंत पोहोचली, आणि तेवढ्यासाठी तिला वर्षांमागून वर्षे घालवावी लागली.

या शिडीचा आणखी एक विचित्र नियम आहे. जिंकलेले गुण बावन्न आठवडेच टिकतात. त्यानंतर ते आपोआप गळून पडतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात तुम्ही जिंकलात त्याच्या आसपास यंदाही जिंकलात तरच तुम्ही होतात तेथे राहता. पाय मुरगळून चार महिने घरी बसणे म्हणजे शिडीवरून उतरणे. आम्ही हे समजावून सांगत असता पेणचे काका, जे आतापर्यंत सुपारी कातरीत ऐकत होते, एकदम म्हणाले, “मग हा आमचाच धंदा झाला की! वर्षभर माती, रंग, मजुरी यांत पैसा घालावयाचा, आणि तो परत यावयाचा भाद्रपदाच्या तोंडावर. गेल्या भाद्रपदाची विक्री या भाद्रपदाच्या कामास येत नाही. आणि पाऊस आधी आला, मूर्ती वाळल्या नाहीत, तर कोणास सांगणार?”

आमच्या मते त्या दोन दिवसांत या विषयावर कोणी बोलले त्यांत हे सर्वांत शहाणपणाचे बोलणे होते. फरक इतकाच की, काकांच्या कारखान्यात एक मूर्ती बिघडली तर शंभर उरतात. येथे मूर्ती एकच, आणि ती आपल्या घरची मुलगी.

शिक्षकांनी ज्या मार्गाचा निर्देश केला होता तो पुण्याच्या मानस धामणे याचा. त्याची हकीकत ऐकावयास मोठी मनोहर आहे. जानेवारी २०२३मध्ये बालेवाडीस महाराष्ट्र ओपन ही स्पर्धा झाली तेव्हा हा मुलगा अवघा पंधरा वर्षांचा होता. त्यास खास प्रवेश देण्यात आला आणि अमेरिकेच्या मायकेल मो या कसलेल्या खेळाडूपुढे तो उभा राहिला. २–६, ४–६ असा हरला. पण पंधराव्या वर्षी दुसऱ्या डावात चार गेम घेऊन हरणे म्हणजे काय, हे जाणत्यांस ठाऊक आहे. इटलीतील बोर्डिगेरा येथे रिकार्दो पियाती यांच्या शाळेत तो शिकू लागला. यानिक सिनर घडला ती हीच शाळा. इतके झाल्यावर वाचकांस वाटेल की मुलगा आता विंबल्डनच्या दारात असेल. तर तसे नाही. २०२५ साली ट्यूनिशियातील मोनास्तिर येथे त्याने पुरुषांच्या स्पर्धेतील आपले पहिले अजिंक्यपद मिळविले, आणि ती स्पर्धा १५,००० डॉलरांची, म्हणजे तळच्या पायरीची होती. आम्ही हे त्याचे उणे म्हणून सांगत नाही. अशा गुणी मुलासही पहिली पायरी सर करावयास अडीच वर्षे लागली, हे सांगावयाचे आहे. वय त्याच्या बाजूस आहे, आणि तो खूप वर चढावा ही आमची इच्छा आहे.

परंतु वाट ही एकच नाही, आणि ही गोष्ट शिक्षक मंडळी पुष्कळदा सांगावयाची विसरतात. ऋतुजा भोसले ही महाराष्ट्राचीच मुलगी. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. तेथील विद्यापीठे उत्तम खेळाडूस शिष्यवृत्ती देतात; फी, राहणे, शिक्षक, स्पर्धांचा प्रवास, सारे विद्यापीठ पाहते, आणि खेळाडूने अभ्यास करून परीक्षा द्यावी अशी त्यांची अट असते. म्हणजे आबांची शाळाही सुटत नाही! परत येऊन तिने धंद्याचा खेळ सुरू केला, आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझौ येथील आशियाई खेळांत रोहन बोपण्णा याच्या जोडीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. पहिला सेट २–६ असा गेला होता. पुढचा ६–३, आणि निर्णायक टायब्रेक १०–४. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. पुण्याचा अर्जुन कढे हाही ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या वाटेनेच गेला, आणि २०२४ साली ऋत्विक बोल्लीपल्ली याच्या जोडीने अल्माटीची दुहेरी जिंकला. त्याहून अलीकडचे उदाहरण वैष्णवी आडकर हिचे : २०२५च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांत एकेरीचे कांस्यपदक.

“हे सगळे पुण्याचे,” मुलीची आई आतून म्हणाली. आतापर्यंत ती चर्चेत नव्हती. वडीलमंडळी बोलत असता मध्ये बोलण्याची त्या घरी चाल नाही. पण पुण्यास मुलीबरोबर जाऊन राहावयाचे ते तिनेच, आणि एकत्र घरातून एक चूल उचलली जावयाची ती तिचीच. “आमच्यासारख्या गावची कोणी झाली आहे का?”

झाली आहे. प्रार्थना ठोंबरे ही सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई खेळांत सानिया मिर्झाबरोबर तिने कांस्यपदक मिळविले आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्याच जोडीने भारतातर्फे ती खेळली. पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीकडून तीन सेटमध्ये हार झाली खरी. पण बार्शीहून रिओस जाऊन तीन सेट झुंजणे ही गोष्ट रोह्याच्या पडवीत बसून लहान म्हणता येणार नाही. हे ऐकून त्या माउलीने फक्त “असं” एवढेच म्हटले, आणि ती पुन्हा आत गेली.

आता शेवटी आमचे मत आम्हांस विचारण्यात आले, आणि आम्ही ते दिले. वाडी विकू नये. तेराव्या वर्षी कोणाही मुलीवर घरच्या वाडीचे ओझे ठेवणे हा खेळ नव्हे, कर्ज आहे. ती हरेल त्या प्रत्येक दिवशी तिला आंब्याची झाडे दिसतील. स्त्रियांच्या टेनिसच्या चालकांनीही चौदा वर्षे पुरी होण्यापूर्वी मुलीस धंद्याच्या स्पर्धेत उतरण्यास मनाई केली आहे, आणि अठरापर्यंत वर्षाकाठी किती स्पर्धा खेळाव्या यावर मर्यादा घातली आहे. हा नियम उगाच झालेला नाही. अमेरिकेची जेनिफर काप्रियाती १९९० साली चौदावे सरण्यापूर्वी धंद्यात उतरली, त्याच वर्षी पॅरिसला उपांत्य फेरीत पोहोचली, १९९२ साली ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकली, आणि अठराव्या वर्षाच्या आत खेळास कंटाळून घरी बसली. ती पुढे परतली व २००१ साली ऑस्ट्रेलियात अजिंक्य ठरली, हे तिचे धैर्य. पण मधली वर्षे कोणी भरून दिली नाहीत. म्हणून मुलीस पुण्यास न्यावे, शाळा मात्र चालू ठेवावी, दहावी नेहमीच्या मुलींबरोबर होऊ द्यावी, आणि तोवर परदेशाचे नाव काढू नये. खर्च मामाच्या घरी राहून जेवढा होईल तेवढाच. त्यानंतर खेळ खरोखरच वाढलेला दिसला तर विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा विचार करावा.

पेणच्या काकांना हे मान्य झाले. त्यांनी तेथल्या तेथे सांगितले की, कारखान्याच्या नफ्यातून तीन भाद्रपद एक ठरावीक रक्कम या खात्यावर पडेल, चौथ्याचे चौथ्या वर्षी पाहू. आबा काही बोलले नाहीत. शिक्षकांस हे पटेल की नाही याविषयी आम्हांस शंका आहे. त्यांचे म्हणणे असे असते की, अर्ध्या वेळाने पुरा खेळाडू होत नाही, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित आमच्या सल्ल्याने एक मोठी खेळाडू बुडालीही असेल. ही शंका परतीच्या गाडीत आम्हांस पनवेलपर्यंत पुरली.

निघताना मात्र एक गोष्ट पाहिली ती सांगितली पाहिजे. पहाटेची गाडी धरावयाची म्हणून आम्ही अंधारातच उठलो. मागील दारचा टप् टप् आवाज सुरू झाला होता. चहा घेण्यास आम्ही पडवीत आलो, तर झोपाळा रिकामा. आबा मागील अंगणात उभे होते, हातात कंदील होता, कारण त्या बाजूचा दिवा रात्री गेला होता. मुलगी भिंतीवर मारीत होती आणि उडून आलेला चेंडू परसातील केळींत गेला की आबा वाकून तो शोधून तिच्याकडे टाकीत होते. आम्हांस पाहून ते थोडे संकोचले आणि म्हणाले, “अंधारात हिचा एक चेंडू विहिरीत गेला काल. दीडशे रुपयांस एक मिळतो म्हणे.”