बुटक्या पायांचा वारसा

नवरा-बायकोच्या नावांची गाठ मारून बंगल्याला नाव देण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. वसंतराव आणि मालतीबाई यांनी मोठ्या हौसेने फाटकावर 'वसंतमालती' अशी पाटी लावली की येणाऱ्याजाणाऱ्याला ते आयुर्वेदिक औषधांचे दुकान वाटते. पण मालक-मालकीण खूश असतात, आणि नावात प्रेम असते, म्हणून आपणही काही बोलत नाही.

विलायतेत आणि अमेरिकेत हाच खेळ सध्या कुत्र्यांच्या बाबतीत चालू आहे. एक पालक कॉर्गी आणि दुसरा डॅक्सहुंड, तर पिल्लू 'डॉर्गी'. दुसरा हस्की असेल तर 'हॉर्गी'. लॅब्राडॉर असेल तर 'कॉर्गिडॉर', चिवावा असेल तर 'चिगी', ऑस्ट्रेलियन शेफर्ड असेल तर 'ऑगी'. ऐकताना आपण मिठाईच्या दुकानात उभे आहोत आणि दुकानदार एकेका बर्फीवरचा कागद उघडून दाखवतो आहे असे वाटते. किंमतही तो मिठाईसारखीच सांगतो, फक्त पौंडांत किंवा डॉलरांत.

या सदराच्या वाचकांची मुले-नातवंडे आता जगभर पांगलेली आहेत, त्यामुळे 'धाकटीने तिकडे अमुक नावाचे कुत्रे घेतले आहे, ही कोणती जात?' अशी पृच्छा अधूनमधून येते. पण या लेखाला खरे निमित्त घडले ते माझ्या भाचीचे. ती इंग्लंडात रेडिंगला असते. नवरा, दोन मुले आणि आता कायमच्या राहायला गेलेल्या तिच्या सासूबाई, असा संसार. तिने एका संध्याकाळी तीन पिल्लांचे फोटो पाठवले आणि विचारले, "मामा, यांतले कोणते घेऊ? आणि कॉर्गी म्हटले की राणीचे कुत्रे, तेव्हा चांगलेच असणार ना?"

राणीचे होते, हे खरे. दुसऱ्या एलिझाबेथच्या वडिलांनी १९३३ साली डूकी नावाचा पहिला कॉर्गी घरात आणला. एलिझाबेथ अठरा वर्षांची झाली तेव्हा, १९४४ साली, तिला सुझन नावाची कुत्री वाढदिवसाची भेट मिळाली. १९४७ मध्ये लग्नानंतर मधुचंद्राला निघताना गाडीतल्या शालीखाली दडून सुझनही बरोबर गेली, असे सांगतात. सुझनचा वंश राणीने चौदा पिढ्या सांभाळला. त्यातले शेवटचे कॉर्गी, विलो नावाची कुत्री, २०१८ मध्ये गेली.

आणि संकराची सुरुवातही त्याच घरात झाली. राणीची धाकटी बहीण मार्गारेट हिच्याकडे पिपकिन नावाचा डॅक्सहुंड होता. त्याचे आणि राणीच्या एका कॉर्गी कुत्रीचे जमले आणि डॉर्गी जन्माला आले. दोघांच्या उंचीतला फरक लक्षात घेऊन कोणी धीटपणे राणीला विचारले की हे साधले कसे. तेव्हा आमच्याकडे एक छोटी वीट आहे, असे तिने उत्तर दिले म्हणतात. खरे-खोटे ती वीटच जाणे! सिडर, बेरी, व्हल्कन, कँडी अशी या डॉर्गींची नावे. व्हल्कन २०२० मध्ये गेला, आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी वारली तेव्हा कँडी तिच्यामागे उरली होती. केनेल क्लबच्या दप्तरी मात्र डॉर्गी नावाची जात नाही. राणीचे कुत्रे असले तरी क्लबने आपली वही बदलली नाही. मला यात क्लबचे कौतुक वाटते आणि राणीचेही.

पण राजवाड्यातून जरा मागे, वेल्सच्या गोठ्याकडे गेले पाहिजे. कारण भाचीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. कॉर्गी हा शब्द वेल्श भाषेतला. 'कोर' म्हणजे बुटका आणि 'गी' म्हणजे कुत्रा. हा गुराख्याचा कुत्रा. गुरे हाकताना तो त्यांच्या खुरांशी जाऊन टाचेला चावा घेतो, आणि गाय लाथ झाडते तेव्हा ती लाथ याच्या डोक्यावरून निघून जाते. म्हणजे आपण ज्याला गमतीदार म्हणतो तो बुटकेपणा त्याच्या पोटापाण्याचा होता. यात दोन घराणी आहेत: लांब शेपटीचा कार्डिगन आणि आखूड शेपटीचा पेम्ब्रोक. १९३४ पर्यंत केनेल क्लब दोघांना एकच समजत असे. राणीचे सगळे पेम्ब्रोक.

आता हे पाय आखूड का? २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचा उलगडा केला. कुत्र्याच्या अठराव्या गुणसूत्रावर एफजीएफ-४ नावाच्या एका जनुकाची एक जादा नक्कल येऊन बसली आहे. तिच्यामुळे पायांच्या लांब हाडांची वाढ वेळेआधी थांबते. कॉर्गी, डॅक्सहुंड, बॅसेट अशा एकोणीस बुटक्या जातींत तीच एक नक्कल सापडली. म्हणजे फार पूर्वी एकदाच घडलेली गोष्ट या सगळ्यांनी वारशात घेतलेली आहे. कॉर्गीकडे ही नक्कल आईकडूनही आलेली असते आणि बापाकडूनही. त्यामुळे त्याचे लग्न कोणाशीही लावा, प्रत्येक पिल्लाला एक नक्कल मिळणारच. आणि एक पुरते. विरजण चमचाभर असले तरी पातेलेभर दूध लागते, तसेच हे. म्हणून हॉर्गी पाहिला की लांडग्याचे तोंड पाटावर ठेवल्यासारखे वाटते, आणि कॉर्गिडॉर म्हणजे बसक्या चौरंगावरचा लॅब्राडॉर. मात्र अशी दोन संकरित कुत्री एकमेकांना मिळाली, तर त्यांच्या चार पिल्लांत सरासरी एक पुन्हा उंच पायांचे निघते, आणि पैसे मोजणारा गिऱ्हाईक चकित होतो.

पाय आखूड असण्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते दुसऱ्या नकलेने. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की याच जनुकाची आणखी एक नक्कल बाराव्या गुणसूत्रावर असते, आणि तिचा संबंध पाठीच्या कण्याशी आहे. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. ही नक्कल असलेल्या कुत्र्यात ती गादी तरुणपणीच, ताज्या खव्याचा वाळून भुगा व्हावा तशी, कोरडी आणि टणक होऊ लागते. मग एक दिवस कुत्रा सोफ्यावरून उडी मारतो, गादी फुटून वर सरकते आणि मज्जारज्जू दाबला जातो. सकाळी धावणारा कुत्रा संध्याकाळी मागचे पाय ओढत येतो. थोडक्यात निभावले तर काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती. नाहीतर शस्त्रक्रिया, आणि विलायतेत तिचा खर्च काही हजार पौंड. डॅक्सहुंडांत ही नक्कल जवळजवळ सर्वांकडे असते, आणि दर चार-पाचांत एकाला जन्मात कधीतरी हा त्रास होतो. पेम्ब्रोकांतही ती बरीच आढळते. म्हणजे डॉर्गीच्या बाबतीत बापाकडून हा वारसा जवळजवळ ठरलेला, आणि आईकडून यायचाही पुष्कळ संभव. संकर केला की पिल्लू आपोआप निरोगी निघते, असे विकणारा सांगतो ना, ते या एका जोडीपुरते तरी साफ खोटे आहे.

मागे भाचीकडे गेलो होतो तेव्हा त्यांच्या गल्लीत असा एक डॉर्गी पाहिला होता. सहा वर्षांचा, तोंडाने अतिशय आनंदी, आणि मागे दोन चाकांची गाडी बांधलेला. त्याची मालकीण म्हणाली की तिने पिल्लू घेताना फक्त डोळे पाहिले होते. तिच्या त्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच मला फार लागले.

मग संकर वाईटच का? तसेही नाही. पेम्ब्रोकांत म्हातारपणी येणारा एक आजार आहे. आठ-दहा वर्षांनंतर मागचे पाय हळूहळू लुळे पडत जातात, वेदना होत नाहीत, पण उपायही नाही. त्यामागचा जनुकदोषही २००९ मध्येच सापडला. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच धोका असतो. म्हणून जोडीदार या दोषापासून मुक्त असेल, तर पिल्लू फक्त वाहक होते, त्याला स्वतःला आजार होत नाही. इथे संकर खरोखर उपकार करतो. पण जोडीदार जर्मन शेफर्ड निवडलात, तर त्या जातीतही हाच दोष असतो, आणि मग दोन मोठाली घराणी एकत्र येऊन तोच रोग विकत घेतल्यासारखे होते. सारांश काय, 'कॉर्गीचा संकर' या शब्दांना स्वतःचा काही अर्थ नाही. कोणती कॉर्गी आणि कोणता जोडीदार, हे पाहायचे. गालाच्या आतून कापसाने पुसून घेतले की या सगळ्यांच्या चाचण्या होतात.

भाचीने पाठवलेले पहिले पिल्लू डॉर्गीच होते. तिने विकणाऱ्याला चाचण्यांचे विचारले. तो म्हणाला, आई-बाप ठणठणीत आहेत, पशुवैद्याने पाहिले आहेत. पशुवैद्याने डोळे, कान, दात पाहिले असणार. बारावे गुणसूत्र काही स्टेथॉस्कोपला ऐकू येत नाही.

दुसरे पिल्लू ऑगी. दिसायला सर्वांत देखणे, निळसर राखाडी अंगावर काळे शिंतोडे. या रंगाला मर्ल म्हणतात. आई मर्ल रंगाची कार्डिगन आणि बापही मर्ल रंगाचाच ऑस्ट्रेलियन शेफर्ड. 'दोघेही रंगीत, तेव्हा पिल्ले काय सुंदर निघाली आहेत!' असे तो विक्रेता सांगत होता. मी फोनवर जवळजवळ ओरडलोच. असे दोन मर्ल एकत्र आणले की चार पिल्लांत सरासरी एकाला रंगाचा हा जनुक दोन्हीकडून मिळतो. ते पिल्लू बहुतेक पांढरे निघते आणि बहिरे किंवा आंधळे, कधी दोन्ही, असण्याची मोठी भीती असते. मी तिला एवढेच विचारायला सांगितले की या वेतातली पांढरी पिल्ले कुठे आहेत. त्यानंतर त्या गृहस्थाने फोन उचलला नाही.

पूडलचा संकर तिने सुदैवाने मनात आणला नव्हता, पण वाचकांपैकी कोणी आणला असेल म्हणून सांगतो. पूडलचा अंश असला की केस गळत नाहीत, ही हमी कोणी देऊ नये. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी १९८९ साली एका अंध बाईंसाठी, त्यांच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांचा त्रास होई म्हणून, लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला आणि त्याला लॅब्राडूडल हे नाव दिले. सगळी पिल्लेही त्या त्रासाच्या कसोटीला उतरली नाहीत. पण नाव असे गाजले की पुढे ज्याने त्याने हाताला लागेल ते कुत्रे पूडलशी जोडले, आणि २०१९ मध्ये स्वतः कॉनरन यांनीच आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असे सांगितले. एका नावाने एवढे होते. कॉर्गीचे केस तर वर्षभर गळतात. सतरंजीवर दुसरी सतरंजी होते.

तिसरे पिल्लू कॉर्गिडॉर. त्याच्या पालकांचे कागद मागितले तर बाईंनी न कुरकुरता पाठवले: आई पेम्ब्रोक, म्हातारपणच्या त्या आजाराची वाहक, पण पाठीची नक्कल नसलेली, बाप लॅब्राडॉर, दोन्ही दृष्टींनी स्वच्छ आणि खुब्याचे सांधेही तपासलेला. शिवाय पिल्लू आईजवळच, जन्मल्या घरी पाहायला या, असे त्यांनीच सांगितले. इंग्लंडात एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतले पिल्लू मधल्या दलालाला विकता येत नाही, तो कायदा यासाठीच आहे. आपल्याकडेही २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला बंदी घातली. पण आपल्याकडे ती नोंदणी विचारतो कोण?

तर ते पिल्लू घरी आले. रोगांची चिंता गेली, पण स्वभाव कुठे जाणार! मुले अंगणात धावू लागली की हा मागून जाऊन त्यांच्या टाचा धरतो. सासूबाई सकाळी पूजेला उठल्या की त्यांना पायाशी ढुशा देत देवघरापर्यंत पोहोचवतो. "अगं, मी काय गाय आहे का याची?" असे त्या विचारतात, आणि त्याच्या दृष्टीने उत्तर 'हो' असेच आहे. यावर मारणे हा उपाय नाही. टाचेला तोंड लागले की सगळ्यांनी तिथेच खांबासारखे उभे राहायचे. न हलणाऱ्या गुरात कॉर्गीला रस नसतो. त्याला चेंडू, वास घेऊन शोधायचे खेळ, असे दुसरे काम द्यावे. हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. राणीसारख्या जाणत्या बाईच्या घरीही कॉर्गींची भांडणे विकोपाला गेली होती, आणि १९९१ मध्ये ती सोडवताना तिच्याच हाताला चावा बसून टाके पडले होते.

ज्यांच्या घरी असे बुटके मंडळ आधीच आलेले आहे, त्यांनी एवढे सांभाळावे. उचलताना पुढच्या दोन पायांत धरून लोंबते उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि पाठ जमिनीला समांतर. सोफ्याला उतरती फळी लावावी. जिन्याला लहान मुलांसाठी लावतात तसे फाटक पुष्कळ होते. ओढणारा कुत्रा असेल तर गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बरा. आणि वजन! लांब पाठीवर चढलेला प्रत्येक किलो त्याच मणक्यांवर बसतो. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात, एवढे अंग पुरे. तेव्हा या चार दिवसांत फराळाच्या ताटाखाली तो कितीही करुण चेहरा करून बसला, तरी चकलीचा तुकडा खाली जाऊ देऊ नका. आणि चिवड्यातले बेदाणे तर मुळीच नाहीत, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषासारखे असतात.