आरोग्य-चर्चा : दोन औषधांची जोडी कशी ठरते?

घरात कुणाला फुप्फुसाचा कर्करोग निघाला की डॉक्टर बहुधा दोन औषधांची किमोथेरपी सांगतात. घरची माणसे विचारतात, एकच जालीम औषध का देत नाहीत? आणि ही जोडी ठरवतो कोण? वाचक बंधू-भगिनींनो, अशा जोडीची पहिली परीक्षा बहुतेक वेळा प्रयोगशाळेतच होते.

१९७२ साली अमेरिकेत ५८ वर्षांच्या एका पुरुषाच्या फुप्फुसातील गाठीतून पेशी काढून वाढवण्यात आल्या. ‘ए-५४९’ या नावाने त्यांची पैदास आजही जगभर चालू आहे. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या ताटलीत ९६ बारीक खळगे असतात. त्यांत या पेशी ठेवून काहींवर पहिले औषध, काहींवर दुसरे, तर काहींवर दोन्ही मिळून घालतात. दोन-तीन दिवसांनी एक पिवळे रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या पेशी कमी उरल्या.

मग हिशेब. चौ आणि तलालय या शास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडलेली रीत आजही वापरतात. उत्तर १ आले तर दोन औषधांची साधी बेरीज झाली. १ पेक्षा कमी आले तर बेरजेहून जास्त काम झाले, आणि १ च्या वर गेले तर एक औषध दुसऱ्याला अडवते आहे. एका जुवाला जुंपलेल्या बैलांचे असेच असते.

पण ताटलीत रक्त नाही, यकृत नाही, मूत्रपिंड नाही. जेफिटिनिब या गोळीचा किमोशी मेळ पेशींवर आणि उंदरांवर चांगला जमला होता. माणसांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २००४ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही मिळून दोन हजारांवर रुग्ण होते, पण गोळीची जोड दिल्याने कुणाचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. त्याच वर्षी उलगडले, की ज्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात ठराविक बदल असतो तिच्यावरच ही गोळी खरी चालते. चाचण्यांत मात्र सरसकट सगळे रुग्ण घेतले होते.

पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने असा बदल असलेलेच ३५० रुग्ण निवडले. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि दोन औषधांची किमो. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला : रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. त्याची किंमतही मोजावी लागली. तीव्र त्रास २५ टक्क्यांवरून ५१ टक्के रुग्णांपर्यंत पोहोचला. आता ओसिमर्टिनिब ही पुढची गोळी आली आहे, आणि तिलाही किमोची जोड देता येते.

हा बदल कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, जास्त आढळतो. म्हणून गाठीचा तुकडा तपासायला जातो तेव्हाच ‘ईजीएफआरची तपासणी करायची का?’ असे डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

आणि हळदीच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्या, अशी बातमी वाचून किमो चालू असताना घरच्या घरी अर्क-काढे सुरू करू नयेत. (बातमीच्या मथळ्यात ‘ताटलीतल्या पेशी’ एवढे दोन शब्द छापले तर किती बरे होईल!) किमोबरोबर रुग्ण आणखी जे काही घेत असेल, त्याची पुडी किंवा बाटली पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावी.