पत्ता हाच गुन्हा

पत्र लिहिणाऱ्या माणसाची अपेक्षा फार साधी असते. पत्र पोचावे, आणि पोचणार नसेल तर ते परत यावे. टपालाचे सारे तत्त्वज्ञान एवढ्या दोन वाक्यांत संपते. आपल्या टपालखात्याला आपण हवी तितकी नावे ठेवू. परंतु पत्ता अपुरा असला, घेणारा गाव सोडून गेला असला किंवा त्याने पत्र घेण्याचे नाकारले, तर पोस्टमन पाकिटावर तसा शेरा मारतो आणि ते पाठविणाऱ्याकडे परत धाडण्याची सोय असते. पत्र घेतले, कोपऱ्यात टाकले आणि कोणाला काही कळविले नाही, असे पोस्टमनने केले तर ती कर्तव्यातील कसूर ठरते. ई-मेलच्या राज्यात मात्र हाच प्रकार 'संरक्षण' या गोंडस नावाखाली रोज उजळ माथ्याने चालला आहे. आणि त्याविरुद्ध कोणी तोंड उघडले, तर लोक त्यालाच वेड्यात काढतात. ते वेडेपण पत्करून मी हे लिहीत आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे. मी निवृत्त शिक्षक. तालुक्याच्या गावी राहतो. आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि गावचे वाचनालय यांच्यासाठी एक छोटासा मेलसर्व्हर गेली सहा वर्षे मी स्वतः चालवितो. एका कंपनीचे यंत्र त्यासाठी महिन्याच्या भाड्याने घेतले आहे. दिवसाकाठी तीस-चाळीस पत्रे जातात. पुस्तक परत करा, सभेला या, अमक्याच्या मुलीचे लग्न ठरले, असा त्यांचा मजकूर. जाहिरातीचे एकही पत्र नाही.

गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी माझे शिफारसपत्र मागितले. मुलगा गुणी, घरची परिस्थिती बेताची. मुदतीच्या चार दिवस आधी मी ते पत्र संस्थेकडे रवाना केले. समोरच्या सर्व्हरने '२५०' हा आकडा उत्तरादाखल दिला. मेलच्या परिभाषेत त्याचा अर्थ, 'पत्र मिळाले. येथून पुढे जबाबदारी माझी.' मी निश्चिंत झालो. महिन्याभराने मुलगा घरी आला. शिफारसपत्र नाही म्हणून त्याचा अर्ज बाद झाला होता. तो रागावला नाही. 'सर, तुमच्या गडबडीत राहून गेलं असेल. होतं असं कधीकधी,' एवढेच म्हणाला. मी त्याला सर्व्हरच्या नोंदी उघडून दाखविल्या. तो 'हो सर' म्हणाला. त्याने विश्वास ठेवला की म्हाताऱ्याची अब्रू राखली, हे मला आजही ठाऊक नाही. पुढे बरीच खटपट केल्यावर माझे पत्र त्या संस्थेच्या स्पॅमच्या पेटीत, न उघडलेले, सापडले. तोवर यादी जाहीर होऊन गेली होती.

माझा अपराध काय होता? तर माझा पत्ता! इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला अंकांनी बनलेला एक पत्ता असतो. जुन्या आणि आजही सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत असे पत्ते एकंदर ४२९ कोटींच्या आसपासच संभवतात. त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला. तेव्हापासून नव्या भाडेकरूच्या वाट्याला बहुधा जुनाच पत्ता येतो. माझ्या आधी त्या पत्त्यावर कोण राहत होते, त्याने काय उद्योग केले, हे मला कसे कळावे? पण त्याच्या पापाची पावती माझ्या नावाने फाडली जाते. एवढ्याने भागत नाही. पत्ते पुष्कळदा २५६-२५६ च्या आळीने मोजले जातात. आळीतल्या चार भाडेकरूंनी उच्छाद मांडला की उरलेल्या अडीचशेंच्या दारावरही फुली मारणाऱ्या याद्या आहेत.

एखादी जमात जन्मतःच गुन्हेगार, असे १८७१ साली इंग्रज सरकारने कायद्याने ठरविले होते. तो डाग कागदावरून पुसायला आपल्याला १९५२ साल उजाडावे लागले. त्या लोकांनी जे भोगले त्याच्याशी माझ्या हरवलेल्या पत्राची बरोबरी करण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. परंतु माणूस काय करतो हे न पाहता तो कोठला आहे हे पाहून निकाल द्यावयाचा, हे तर्कशास्त्र मात्र तेच आहे. आणि तर्कशास्त्र जुने झाले म्हणून काही ते शहाणे होत नाही.

येथे आमचे व्यवहारी मित्र पुढे सरसावतील. 'स्पॅमचा उपद्रव खोटा आहे काय?' असे विचारतील. मुळीच खोटा नाही! १९७८ च्या मे महिन्यात एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे चारशे लोकांना एकदम जाहिरात पाठविली, तेव्हापासून ही कीड लागली आहे. १९९७ साली पॉल व्हिक्सी याने उपद्रवी पत्त्यांची यादी सर्वांना विचारता येईल अशी खुली केली, ती काही कोणाच्या द्वेषाने नव्हे. सर्व्हर आलेल्या पाहुण्याचा पत्ता त्या यादीला विचारतो, आणि यादीत नाव निघाले की दार लावतो. अशी यादी नसती तर आपल्या पेट्या केव्हाच बुजून गेल्या असत्या. दाराला कडी असू नये, असे मी म्हणतच नाही. माझे म्हणणे एवढेच की, कडी लावणाऱ्याने पाहुण्याला 'या, बसा' म्हणून आत घेऊन विहिरीत ढकलू नये.

आणि ओळख पटविण्याचे म्हणाल, तर मागितले ते सारे कागद मी दिले आहेत. माझ्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्राला आहे, ते जाहीर केले आहे. प्रत्येक पत्रावर वाटेत कोणाला बदलता येणार नाही अशी सांकेतिक सही आहे. सही जुळली नाही तर पत्राचे काय करावे, हेही लिहून ठेवले आहे. दोन बड्या मेलकंपन्यांनी २०२४ च्या फेब्रुवारीपासून घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर हीच बंधने घातली, ती योग्यच झाली; कारण ती वागणूक पाहतात, वस्ती पाहत नाहीत. पण कागद चोख असूनही माझा निकाल फिरला नाही. तक्रारीचा तक्ता भरून पाठविला, तेव्हा एका यंत्राचे छापील उत्तर आले. त्याचा मथितार्थ असा की, तुम्ही फार थोडी पत्रे पाठविता, म्हणून तुमची पत तयार होत नाही! जो कमी बोलतो तो संशयित, आणि जो रोज लाखो घरांत ओरडतो त्याची पत मोठी! हा न्याय ऐकून हसावे की रडावे?

दुसरा प्रश्न याहून शहाजोग असतो. 'हा खटाटोप हवा कशाला? सगळे जग जाते त्या कंपनीकडे जा. फुकट खाते मिळेल.' या सल्ल्यातच सारे विष आहे. १९८२ साली जॉन पोस्टेलने मेलच्या देवघेवीचा करार लिहिला, तो कोणत्याही यंत्राने कोणत्याही यंत्राशी बोलावे म्हणून. त्यात थोरल्या वाड्याला एक नियम आणि झोपडीला दुसरा, असे कोठेही नाही. आज दोन-चार वाड्यांतील माणसांनी एकमेकांना लिहिले तर पत्र बिनबोभाट पोचते, आणि बाहेरच्याने लिहिले तर त्याची झडती होते. अशाने बाहेर कोणी उरणारच नाही. सगळी पत्रे त्याच वाड्यांतून जाऊ लागली, म्हणजे कोणाचे पत्र कोणाला दिसावे हेही तेच ठरवितील. फुकट मिळणाऱ्या घराचे भाडे हे असे असते.

कोणी म्हणेल, 'पत्र फेकले कोठे? शेजारच्या पेटीत तर ठेवले होते.' जी पेटी सहसा कोणी उघडत नाही, अनेक ठिकाणी जी ठराविक दिवसांनी आपोआप रिकामी होते, आणि जिची वार्ता पाठविणाऱ्याला कधीच लागत नाही, तीत ठेवणे आणि फेकणे यांत अंतर किती, ते त्या मुलाला विचारा. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रात, म्हणजे आर.एफ.सी. ११२३ मध्ये, स्वच्छ सांगितले आहे की, ज्याने '२५०' म्हटले त्याने पत्र पोचविण्याची जबाबदारी घेतली. किरकोळ कारणासाठी ते त्याने हरवू नये. पत्र गुपचूप गाळावयाचे तर त्याच्या लबाडीची फार मोठी खात्री हवी, असे २००८ च्या सुधारित नियमांनीही बजावले. नियम आहेत. उणीव आहे ती लाजेची.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. पत्र नको असेल तर दारातच नाकारा, आणि कारण सांगा. नाकारलेला माणूस निदान फोन करील, साधे पाकीट पाठवील, स्वतः गाडीत बसून जाईल. मीही गेलो असतो. चार दिवस हातात होते. दुसरे, पत्त्याचा इतिहास न पाहता पाठविणाऱ्याची वागणूक पाहा. तिसरे, दाद मागणाऱ्याचे म्हणणे एखाद्या माणसाने वाचावे. प्रत्येक मेलसर्व्हरवर 'पोस्टमास्टर' या नावाचा पत्ता असलाच पाहिजे, असा नियम अगदी आरंभापासून आहे. त्या नावामागे कोणी तरी बसलेले असेल, हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

तो मुलगा यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. शिफारसपत्र मी लिहून ठेवले आहे. या खेपेस ते मी पोस्टाने पाठविणार आहे, पोचपावतीसह. माझा सर्व्हर मात्र मी बंद करणार नाही. खोटे ज्यांनी बोलले त्यांनी घर सोडावे. मी का सोडू?