फी माफ झाली, पण बसचे भाडे कोण देणार?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने २०२१ मध्ये 'जी-थ्री' ही योजना सुरू केली. कौशल्य मिळवा, नोकरी मिळवा, पुढे जा, असा तिच्या नावाचा अर्थ. तिथे २३ कम्युनिटी कॉलेजे आहेत. बारावीनंतर साधारण दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणाऱ्या या सरकारी संस्था. आरोग्यसेवा, संगणक, कुशल कारागिरी, बालशिक्षण अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांचे शिक्षण घेणाऱ्यांची उरलेली फी राज्य भरते. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपट असले तरी लाभ मिळतो.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती पुढची तरतूद. केंद्राची गरीब विद्यार्थ्यांसाठीची मदत घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला जेवण, प्रवास, मुलांचा सांभाळ यासाठी दर सत्राला ९०० डॉलरपर्यंत वेगळे मिळतात. गरीब विद्यार्थी फीपेक्षा रोजच्या खर्चाने गळतो, हे सरकारने मान्य केले.

आता आपल्याकडे पाहू. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. आयटीआय आणि पॉलिटेक्निक शेवटच्या गटात. घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ४,०००. म्हणजे महिन्याला जेमतेम २०८ रुपये! पहिल्या गटातल्या व्यावसायिक पदवीला हेच आकडे ७,००० आणि १३,५०० आहेत. उत्पन्नमर्यादा अडीच लाख. दोन्ही देशांतली महागाई वेगळी आहे, रकमांची थेट तुलना करू नये. पण आयटीआयला जाणारा मुलगा बहुधा सर्वांत गरीब घरातला असतो आणि त्यालाच सर्वांत कमी मिळते, हे कसे समर्थनीय ठरते?

'स्वाधार आहे ना?' असे कोणी म्हणेल. ती योजना घर सोडून शहरात राहणाऱ्यांसाठी आहे. रोज गावाहून एसटीने येणारा त्यात बसत नाही.

दुसरी शंका आपल्याच कार्यकर्त्यांची आहे, आणि ती रास्त आहे. कौशल्याच्या नावाखाली आपल्या मुलांना पुन्हा हातकामातच अडकवणार का? याचे उत्तर बाबासाहेबांच्या १९४२ च्या निवेदनात आहे. व्हाइसरॉयना दिलेल्या त्या निवेदनात त्यांनी विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठीही निधी मागितला. वाडवडिलांचे काम आणि आधुनिक तंत्रज्ञान यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. म्हणून आयटीआयनंतर पदविका, पदविकेनंतर पदवी ही वाट खुली राहिली पाहिजे.

आमच्या मागण्या तीन. आयटीआय व पॉलिटेक्निकचा भत्ता प्रत्यक्ष खर्चाशी जोडा. तो सत्राच्या सुरुवातीला द्या. उत्पन्नमर्यादा महागाईनुसार वाढवा.

आणि आपण काय करायचे? आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये जा. भत्ता कोणत्या महिन्यात जमा झाला, मधेच किती जणांनी शिक्षण सोडले आणि का सोडले, हे लिहून काढा. ती यादी घेऊन समाजकल्याण कार्यालयात गेलो तर आपले म्हणणे टाळणे त्यांना सोपे जाणार नाही.

जय भीम!